साथीचा अंदाज एका आकड्यात नको

मार्च २०२०मध्ये लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या अहवालाने जग हादरले. करोना रोखण्यासाठी काहीच केले नाही, तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील, असे संगणकावरचे प्रारूप सांगत होते. संसर्गाचा वेग वेगवेगळा धरून काढलेली इतर उत्तरेही अहवालात होती. लोकांच्या लक्षात मात्र एकच आकडा राहिला.

एका रुग्णापासून किती जणांना लागण होते, किती जणांना दाखल करावे लागते, ते किती दिवस खाट अडवतात, अशा अनेक बाबी प्रारूपात भराव्या लागतात. साथीच्या सुरुवातीला त्या नेमक्या ठाऊक नसतात. प्रत्येकीची किमान-कमाल मर्यादा तेवढी सांगता येते. अशा दहा बाबींचे प्रत्येकी दहा आकडे घेऊन सगळ्या जुळण्या तपासायच्या, तर प्रारूप १ हजार कोटी वेळा चालवावे लागेल. एका वेळी एकच बाब बदलणे सोपे. पण वॉर्डात संकटे एकेकटी येत नाहीत. रुग्ण वाढतात आणि त्यांचा मुक्कामही लांबतो, तेव्हाच खाटा संपतात.

यावर मॅके, बेकमन आणि कॉनोव्हर या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये ‘लॅटिन हायपरक्यूब’ ही पद्धत मांडली. शंभर चाचण्या करायच्या असतील, तर प्रत्येक बाबीच्या मर्यादेचे शंभर भाग करायचे आणि प्रत्येक भाग नेमका एकदाच वापरायचा. सुडोकूच्या ओळीत एक आकडा एकदाच येतो, तसे. या चाचण्या एकाच कोपऱ्यात दाटू नयेत म्हणून त्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवणाऱ्या मांडण्याही पुढे आल्या. १९९४मध्ये ब्लोअर आणि दौलताबादी यांनी ही पद्धत एचआयव्हीच्या प्रारूपासाठी वापरली.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. साथीचे तसे नसते.

एकच आकडा दिला नाही तर प्रशासन गोंधळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पटण्यासारखा नाही. चक्रीवादळाचा मार्ग हवामान खाते नकाशावर रुंदावत जाणाऱ्या पट्ट्याने दाखवते आणि किनाऱ्यावरचे प्रशासन त्यावरून तयारी करतेच. मग ऑक्सिजन आणि खाटांची तयारी करताना एकाच आकड्याचा हट्ट का?

अर्थात मर्यादाच चुकीच्या धरल्या, तर कोणतीही मांडणी उपयोगाची नाही. त्या मर्यादा रुग्णालयांच्या नोंदींतून येतात. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख नीट लिहिणे, हेही म्हणूनच साथीच्या तयारीचे काम आहे.

पुढच्या साथीत कोणताही अंदाज स्वीकारण्यापूर्वी आरोग्य विभागाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणत्या मर्यादा धरल्या, त्यांतल्या जुळण्या कशा निवडल्या आणि उत्तरे कुठून कुठपर्यंत पसरली. ही उत्तरे न देणाऱ्या अंदाजावर खाटांचे नियोजन करू नये.