मागल्या दाराची भाकरी

तुरुंगाची शिक्षा भोगून परतलेल्या माणसाने पोटासाठी काय करावे, हा प्रश्न जगातील प्रत्येक समाजाला पडतो. अमेरिकेत या प्रश्नाला एक सोपे उत्तर दिले जाते. नोकरीच्या अर्जावर जुन्या गुन्ह्याची चौकशी होते आणि एकामागून एक दारे बंद होतात, या अनुभवाने कंटाळलेल्या माणसाला त्याचे हितचिंतक सांगतात, ‘तू गुप्त ग्राहक हो. तेथे तुझा पूर्वेतिहास कोणी विचारणार नाही.’ सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सल्ला मात्र वाईट आहे. आणि तो का वाईट आहे हे पाहू लागलो की आपल्या स्वतःच्या घराचीही झडती घ्यावी लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गुप्त ग्राहक म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. तिकडे या कामाला ‘मिस्टरी शॉपिंग’ म्हणतात. मोठ्या दुकानांच्या साखळ्या, उपाहारगृहे, बँका, पेट्रोल पंप यांच्या मालकांना आपले नोकर गिऱ्हाइकाशी कसे वागतात हे जाणून घ्यायचे असते. त्यासाठी ते एखाद्या संस्थेला कंत्राट देतात. ती संस्था चारचौघांसारखा दिसणारा एक माणूस ग्राहक म्हणून पाठविते. तो सदरा विकत घेतो, जेवून येतो किंवा बँकेत खाते उघडण्याची चौकशी करतो. रांगेत किती मिनिटे उभे राहावे लागले, विक्रेत्याने नमस्कार केला की नाही, पावती दिली की नाही, प्रसाधनगृह स्वच्छ होते काय, हे सारे तो ध्यानात ठेवतो आणि घरी येऊन लांबलचक तक्ता भरून देतो. काही आठवड्यांनी त्याला थोडे डॉलर आणि खर्चाची भरपाई मिळते. आपल्याकडेही पेट्रोल पंप, मोटारींची दालने आणि बँकांच्या शाखा यांच्यासाठी अशी तपासणी होते. हे काम कायदेशीर आहे. एखाद्या गृहिणीने किंवा निवृत्त शिक्षकाने फावल्या वेळी ते केले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु तुरुंगातून सुटलेल्या माणसाला हेच काम आधार म्हणून दाखविले जाते, तेव्हा प्रश्न बदलतो. त्याचा पूर्वेतिहास येथे सहसा विचारला जात नाही, याचे कारण दयाबुद्धी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचा नोकरच नसतो. तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. ज्याला नोकर मानायचे नाही त्याची चौकशी तरी कशाला करायची? याच सैलपणामुळे किमान वेतनाचा कायदा त्याला लागू होत नाही. भरपगारी रजा नाही, काम सुटले तर बेकारी विमा नाही, वर चढायला पुढची पायरी नाही. जाण्यायेण्याचा आणि पेट्रोलचा भार बहुधा त्याच्याच खिशावर. शिवाय अमेरिकेत मुदतीआधी अटींवर सुटलेल्या कैद्यावर एक अधिकारी देखरेख ठेवतो. तो नियमित रोजगाराचा पुरावा मागतो, कामाच्या जागी भेट देऊ शकतो, आणि त्याच्या परवानगीवाचून नेमून दिलेल्या हद्दीबाहेर सहसा जाता येत नाही. आज या दुकानात अर्धा तास आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या उपाहारगृहात एक तास, असे काम करणाऱ्याने त्या अधिकाऱ्याला कोणता मालक दाखवावा?

याहून मोठा धोका फसवणुकीचा. अमेरिकेचा संघराज्य व्यापार आयोग गेली अनेक वर्षे लोकांना सावध करीत आला आहे की, गुप्त ग्राहकाच्या नावाखाली भामटेगिरी चालते. तिची रीत ठरलेली आहे. घरबसल्या एक धनादेश येतो. तो स्वतःच्या खात्यात भरा, आपला मेहनताना ठेवून घ्या आणि उरलेल्या रकमेची गिफ्ट कार्डे घेऊन त्यांवरील आकडे आम्हांला कळवा. ही त्या दुकानाची परीक्षाच आहे, असे सांगितले जाते. बँक थोड्याच दिवसांत पैसे काढू देते. धनादेश बनावट होता हे मात्र पुढे काही आठवड्यांनीही कळते, आणि मग बँक सारी रक्कम खातेदाराकडून वसूल करते. तुमच्याआमच्यासारखा मनुष्य अशा जाळ्यात सापडला तर त्याचे पैसे जातात. पण ज्याच्या नावावर आधीच अफरातफरीची नोंद आहे, त्याने खोटा धनादेश भरला तर ‘मला फसविले’ हे त्याचे म्हणणे कोण खरे मानील? जेथे इतरांचे धन पणाला लागते तेथे या माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते.

आता या सल्ल्यातील विसंगती पाहा. ज्या माणसाला आपण गल्ल्याजवळ उभे करायला तयार नाही, त्यालाच गल्ल्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या गरिबावर नजर ठेवायला पाठवितो. दिवसभर उभी राहून थकलेली एखादी पोर हसायला विसरली, तर त्याने तिचे नाव आणि वेळ टिपून वर कळवायची. त्या टिपणाने तिची पगारवाढ अडेल, कदाचित नोकरीही जाईल; आणि तिला कळणारही नाही की हे कोणी केले. तुरुंगात सर्वांत तिरस्करणीय मानला जातो तो खबऱ्या. बाहेर आल्यावर जगण्याचा सन्मार्ग म्हणून आपण त्या माणसाला दाखवितो ती खबऱ्याचीच चाकरी, आणि वर सांगतो की तू कोण आहेस हे कोणाला कळू देऊ नकोस!

खरे पाहता परीक्षा घ्यायचीच असेल तर ती दुकानाच्या मालकाची घ्यावयास हवी. योगायोगाने अशी परीक्षा झालेलीही आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने २००१ साली मिल्वॉकी शहरात चार तरुणांना नोकरीचे उमेदवार म्हणून साडेतीनशे ठिकाणी पाठविले. दोघे गोरे, दोघे कृष्णवर्णीय. प्रत्येक जोडीतील दोघांचे शिक्षण आणि अनुभव सारखे दाखविले होते; फक्त आळीपाळीने एकाच्या अर्जावर अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी भोगलेल्या शिक्षेची नोंद होती. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. निष्कलंक गोऱ्या उमेदवाराला शंभरातून ३४ ठिकाणांहून बोलावणे आले, शिक्षेची नोंद असलेल्या गोऱ्याला १७ ठिकाणांहून. निष्कलंक कृष्णवर्णीयाला १४, आणि नोंद असलेल्या कृष्णवर्णीयाला अवघ्या ५. म्हणजे गोऱ्याच्या गुन्ह्यापेक्षा काळ्याचे निरपराधित्व मालकांना अधिक संशयास्पद वाटले! हे चार तरुणही एका परीने गुप्त ग्राहकच होते. पण त्यांनी केलेल्या टिपणांत दोष निघाला तो गल्ल्यामागच्या पोरीचा नव्हे, कार्यालयात बसून अर्ज चाळणाऱ्याचा.

कायद्याने या दोषावर उपाय करण्याचा यत्न केला आहे. अर्जावरची ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे काय?’ ही चौकट काढून टाका, ही चळवळ तेथे जोर धरून आहे. हवाई राज्याने १९९८ साली खासगी मालकांनाही तसा नियम लावला. २०१९ साली संमत झालेल्या कायद्याने संघराज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी, नेमणुकीचा सशर्त देकार देईपर्यंत हा प्रश्न विचारण्यास मनाई झाली. हे चांगलेच झाले. पण कायदा प्रश्न पुढे ढकलतो. उत्तर ऐकल्यावर मालकाने काय करावे हे शेवटी त्याच्या मनावर राहते.

कोणी म्हणेल, ‘उपाशी राहण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी. त्याला दहा डॉलर मिळत असतील तर तुमच्या पोटात का दुखते?’ आक्षेप रास्त आहे. ज्याने अडचणीच्या दिवसांत असे काम केले त्याला मी दोष देत नाही. दोष देतो तो अर्धी भाकरी मागल्या दाराने देऊन पुढले दार लावून घेणाऱ्याला. न विचारणे आणि क्षमा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण प्रायश्चित्त संस्काराला जातो तेव्हा आपले पाप आपल्याच तोंडाने उच्चारतो आणि ते ऐकून घेतल्यावर क्षमा मिळते. कोणी काही विचारलेच नाही, तर भीती तेवढी शिल्लक राहते. आज नाही तर उद्या कोणी ओळखील, ही भीती. माणूस उभा राहतो तो त्याला पुरते ओळखूनही कोणी किल्ली त्याच्या हाती दिली म्हणजे.

असे करणारे आहेत. बर्नी ग्लासमन या बौद्ध झेन गुरूंनी १९८२ साली स्थापिलेल्या, न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथील ग्रेस्टन बेकरीत, येईल त्याने यादीत नाव घालावे आणि जागा निघाली की पुढच्याला घ्यावे, अशी रीत पडली. लॉस एंजेलिसमध्ये येशूसंघीय धर्मगुरू ग्रेग बॉयल डोलोरेस मिशन या गरीब धर्मग्रामाचे प्रमुख असताना टोळीयुद्धात मरणाऱ्या पोरांना मूठमाती देत होते. त्यांना उमगले की या पोरांना उपदेशाआधी काम हवे. १९८८ साली त्यांनी आणि धर्मग्रामातील लोकांनी कामे मिळवून देण्याचा उद्योग आरंभिला. १९९२ साली बेकरी निघाली. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे तेथे एकाच मेजावर पीठ मळू लागले. तीच संस्था आज ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखली जाते. तेथे येणाऱ्याचा इतिहास कोणापासून लपलेला नाही. त्या इतिहासामुळेच त्याला आत घेतले जाते. वाचकहो, हे काम एका धर्मग्रामातून उभे राहिले, याची नोंद घ्यावी.

आता आपल्या दाराकडे वळू. आपल्या देशात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या १२ व्या कलमान्वये, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे अपात्र ठरविता येत नाही. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तरुणपणी झालेल्या क्षुल्लक गुन्ह्याची माहिती उमेदवाराने दडविली असली, तरी मालकाला ती चूक पोटात घालता येते. पण चारित्र्य पडताळणीचा दाखला मागणाऱ्या कारकुनापर्यंत ही औदार्याची भाषा क्वचितच पोहोचते. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसे होती आणि त्यांपैकी चारांत तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता. सुटल्यावर कपाळावरचा डाग मात्र सर्वांनाच सारखा. याला अपवादही आहेत. हैदराबादच्या चंचलगुडा तुरुंगाबाहेरील पेट्रोल पंपावर कैदी उघड्यावर, दिवसाढवळ्या, लोकांच्या पैशांची देवघेव करीत आले आहेत. सरकारच्या तुरुंग खात्याला जे सुचले ते आपल्याला सुचू नये काय?

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मारामारीच्या प्रकरणात अडीच वर्षे आत राहून परतला. आपल्याच लोकांच्या एका संस्थेत वाहनचालकाची जागा निघाली होती. त्याने अर्ज केला आणि अर्जात सारे खरे लिहिले. बैठकीत एकजण म्हणाले, ‘लोक काय म्हणतील?’ त्या बैठकीत मी होतो. नाताळात तुरुंगात केक घेऊन जाणाऱ्या आणि कैद्यांबरोबर गाणी म्हणणाऱ्या मंडळींत माझे नाव दरवर्षी असे. मी काही बोललो नाही. अर्ज फाइलमध्ये गेला. तो तरुण पुढे पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरच्या भाजी बाजारात हमालीला जाऊ लागला. एकदा फलाटावर भेटला तेव्हा म्हणाला, “काका, तेथे कोणी नाव विचारीत नाही. बरे आहे.” ‘बरे आहे’ हे शब्द मला आजही बोचतात. गुप्त ग्राहकाचे काम अमेरिकेतले. पण बिननावाची चाकरी आम्हीच त्याच्या गळ्यात बांधली होती.

सर्व गुन्हे सारखे नसतात, हे मान्य. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेत किंवा वसतिगृहात ठेवू नये. त्यात तडजोड नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या डोळ्यांसमोर अन्याय करणाऱ्याला आणून बसवू नये, हेही खरे. विवेक हवाच. पण विवेकाच्या नावाखाली आपण बहुधा लोकलज्जेचीच पूजा करतो.

उंबराच्या झाडावर पानांआड लपलेल्या जक्कयाला प्रभूने नावाने हाक मारली. सारे गाव जकातदार म्हणून ज्याच्याविषयी कुजबुजत होते त्याच्या घरी तो भर दिवसा पाहुणा म्हणून गेला. लोक काय म्हणतील, याची चिंता त्याने केली नाही. आणि लोकांनी नावे ठेवलीही. जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली ती त्यानंतर.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आपल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या, सोसायट्या आणि दुकाने यांत शिपाई, माळी, स्वयंपाकी, चालक यांच्या जागा दरवर्षी निघतात. पुढची जागा निघेल तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या एका तरी माणसाचा अर्ज बैठकीत उघडपणे वाचला जावा. त्याला बोलवावे, सारे विचारावे, आणि पात्र असेल तर त्याच्या खऱ्या नावाने हजेरीपटावर घ्यावे. आणि कोणी ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणालेच, तर बैठकीतील एकाने तरी तोंड उघडावे. मी त्या वेळी उघडले नाही.