चिठ्ठी वेळेत लिहून घ्या!



गोमेकॉतल्या रांगेचा विषय निघाला की आपण बांबोळीच्या नावानं बोटं मोडतो. पण ही रांग बरीचशी गावातच लागते, डॉक्टर चिठ्ठी लिहितात तिथं.

'गोमेकॉत दाखवा' एवढीच ओळ घेऊन माणूस म्हापसा ओलांडून बांबोळी गाठतो. तिथं सांगतात, रक्त-साखर तपासा, ईसीजी काढा, मग या. परत दुसरी फेरी, परत नंबर. एकाच माणसाचे दोन नंबर लागले आणि ज्याला खरंच तज्ज्ञ हवा होता तो मागं राहिला. आणि आपला धंदा बुडाला तो वेगळाच.

सगळा दोष डॉक्टरांचा नाही. जवळ तज्ज्ञ नसेल, तपासणीची सोय नसेल तर कोण जोखीम घेईल? पुढं पाठवणारच. त्यात गोमेकॉत सिंधुदुर्गातूनही पेशंट येतात. म्हणून तर तुये हॉस्पिटलची नवी इमारत चालू करा, ते गोमेकॉशी जोडा, ही मागणी पेडणेकरांनी लावून धरली. तज्ज्ञ तुयेत ठरलेल्या दिवशी बसले तर बऱ्याच चिठ्ठ्या नदीपलीकडं जाणारच नाहीत.

पण तोवर हात बांधून बसायचं काय? हर्निया, मोतीबिंदू यांची ऑपरेशनं बहुतेक वेळा तारीख घेऊन होतात. आपण दुखणं अंगावर काढतो आणि १ जूनला बंदी लागली की डॉक्टरकडं धावतो. तारीख मिळते ती ३१ जुलैनंतरची, ऐन हंगामातली! हर्नियाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे जाळं ओढायचं नसतं. मग कोण तारीख चुकवतो, कोण टाके ओले असतानाच होडीवर चढतो. चुकवलेली तारीख दुसऱ्याच्याही कामी येत नाही.

तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच आपल्या डॉक्टरांकडं जा आणि तीन गोष्टी विचारा. पाठवायची गरज आहे काय? कुठल्या तपासण्या इथंच होतील? चिठ्ठीवर त्रास कधीपासून, गोळ्या कुठल्या, रिपोर्ट काय, हे सगळं लिहून द्याल काय? ऑपरेशननंतरची साधी तपासणी गावात चालेल काय, तेही गोमेकॉत विचारून या.

छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, तर मात्र चिठ्ठीची वाट बघू नका. सरळ १०८ लावा.