बाळ येणार म्हणून बाईंनी राजीनामा का द्यावा?

कामशेत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचे घर. वरच्या दोन खोल्यांत एक शिक्षक जोडपे भाड्याने राहते. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाणे मावळातल्या डोंगराकडेच्या एका दोनशिक्षकी शाळेवर. बाई हायवेलगतच्या एका विनाअनुदानित शाळेत. दोघेही मूळचे बीड जिल्ह्यातले, दोघेही समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकलेले. पहिले बाळ यायला आता अडीच महिने उरले आहेत. मी स्वतः बत्तीस वर्षे मास्तरकी करून निवृत्त झालो, त्यामुळे हे दोघे मला हक्काने काका म्हणतात आणि मी त्यांच्या घरातली तयारी रोज पाहतो.

तयारी म्हणजे काय? जुन्या सुती लुगड्यांची दुपटी धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून ठेवली आहेत. झबली-टोपडी आली आहेत. सरांनी यूट्यूबवर बघून अळिवाचे लाडू केले, ते दगडासारखे झाले, पण बाईंनी ते न बोलता खाल्ले. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि सावित्रीमाईंचा फोटो आहे, त्याखाली दवाखान्याच्या तारखा लिहिलेले कॅलेंडर. मुलगा की मुलगी, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नाही. गावाकडून कुणी विचारलाच, तर सर सांगतात, "माणूस येणार आहे."

असे सगळे नीट चालले असताना मागच्या आठवड्यात बाई शाळेतून आल्या त्या रडतच आल्या. संस्थेच्या कार्यालयात बोलावून घेतले होते. बोलणे अगदी गोड. "मॅडम, तुमची तब्येत महत्त्वाची. तुम्ही आता राजीनामा देऊन टाका. बाळ जरा मोठं झालं, की पुन्हा बघू." पुढे एक कोरा कागदही सरकवला. बाईंनी "घरी विचारून सांगते" म्हणून वेळ मारून नेली. महिना बारा हजार पगार. गेल्या तीन वर्षांत एकही वर्ग रिकामा ठेवला नाही. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर आणि मे महिन्यात बिनपगारी. आणि आता हे.

शाळेचे नाव मी लिहीत नाही. लिहून काय होणार? आज एका शाळेचे लिहिले, तर उरलेल्या हसतील. हायवेने लोणावळ्यापासून पिंपरीपर्यंत जा आणि खासगी शाळांतल्या तरुण शिक्षिकांना विचारा, हे तुझ्याबाबत घडले का. मग समजेल.

त्या रात्री बाईंनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. आई-वडील ऊसतोड कामगार. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोन माणसे, चार हात, पण हिशेबात एकच कोयता. बाई बाळंत झाली, आजारी पडली, तर तो खाडा आणि खाड्याचे पैसे कोयत्याच्या हिशेबातून कापले जायचे. ह्या आमच्या बाईंचा जन्म फडावरच्या कोपीत झालेला. आई चौथ्या दिवशी पुन्हा मोळी उचलायला गेली. आजही ती फडावरच आहे. त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत ह्या घरात चालणारच नाही, कारण माहेरच सहा महिने घरी नसते. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पेपर वाचणाऱ्यांना धक्का बसला. खाड्याचा हिशेब ज्यांना माहीत होता, त्यांना नाही बसला.

बाई म्हणाल्या, "काका, आईला मुकादम खाडा म्हणायचा. मला संस्था राजीनामा म्हणते. मी बी.एड. होऊन नेमकं काय बदललं?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट बदलली आहे आणि ती मी त्यांना दुसऱ्या दिवशी कपाटातून काढून दाखवली. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे. तो अनुदानित शाळेला लागू आहे, तसाच विनाअनुदानित शाळेलाही आहे. शिक्षकांना हे ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते सांगत नाहीत. त्याचे कलम ७ केवळ राजीनाम्याविषयी आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. १९८१ च्या नियमांनी त्यात भर घातली, की राजीनामा स्वतःच्या हस्ताक्षरात हवा. आता कायदा करणाऱ्यांना टपालखात्याचे एवढे प्रेम का आले असेल? कारण त्यांना ठाऊक होते, की संस्थाचालकाच्या खोलीत, समोर सरकवलेल्या कोऱ्या कागदावर राजीनामे कसे घेतले जातात. त्याच १९८१ च्या नियमांत प्रसूती रजाही आहे. आणि कामावरून काढलेच, तर आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. मात्र एकदा का स्वखुशीचा राजीनामा दिला, की हे सारे दरवाजे आपणच बंद करून घेतो. म्हणून तर तो गोड बोलून मागितला जातो.

आता जरा मागे जाऊ. डॉ. बाबासाहेब आणि माता रमाईंना पाच अपत्ये झाली. त्यांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, असे त्यांनी मांडले. तिथे ते घरच्या दुःखाविषयी बोलले नाहीत. पण चार लेकरे मातीआड केलेला बाप ते बोलत होता, हे आपण विसरू नये. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, हिंदुस्थानातला त्या प्रकारचा पहिला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४३ आणि १९४५ साली, खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती कायद्यात सुधारणा झाल्या. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९६१ साली आला, २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठीचे २६ आठवडे तिथेही कायम आहेत. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या स्त्रीला काढून टाकणे बेकायदा आहे.

१९२८ च्या त्या भाषणातला एक मुद्दा मात्र आपण सोयीस्कर विसरलो. बाबासाहेबांनी खर्चाचा प्रश्न टाळला नव्हता. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांना मान्य होते. पण सरकार उचलत नाही म्हणून आईला वाऱ्यावर सोडा, हे मान्य नव्हते. म्हणून तोवर मालकाने आपला वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांच्याच मजूर खात्याच्या काळात अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. तिथे बाळंतपणातला पगार मालकाच्या खिशातून जात नाही, सगळ्यांच्या वर्गणीतून जातो. बाबासाहेबांचे डोके असे चालत असे. हक्क द्यायचा आणि तो कुणा एकाला जड जाणार नाही अशी व्यवस्थाही लावायची.

हा मुद्दा मी का उगाळतो? कारण लहान संस्थेचे चालक म्हणतात, फी थोडी, मुले थोडी, सहा महिने दोन पगार द्यायचे कुठून? सगळेच काही खोटे बोलत नाहीत. आणि सरकारी शाळेत तरी काय आहे? आमच्या ह्या सरांच्या शाळेत मागच्या वर्षी सहकारी शिक्षिका प्रसूती रजेवर गेल्या. त्यांना हक्काची रजा मिळाली, पगार मिळाला, उत्तम. पण त्यांच्या जागी कुणी आले नाही. सहा महिने पहिली ते चौथीचे चार वर्ग एकट्या सरांनी सांभाळले. पोषण आहार, ऑनलाइन माहिती, केंद्रावरच्या बैठका, सगळे तेच. ज्या दिवशी बैठक, त्या दिवशी शाळा जवळजवळ बंद. मुले कुणाची? ठाकर-कातकरी वस्तीची, शेतकऱ्यांची. सर आता मोकळेपणाने कबूल करतात, "काका, तेव्हा मी मनात त्या बाईंवर चिडायचो. आज माझ्या बायकोवर तिच्या शाळेतले सहकारी तसेच चिडले असतील."

इथेच खरी मेख आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक ठरवून दिले. त्यातला एक सहा महिने नसणार, हे सहा महिने आधी कळते. निसर्गाने एवढी आगाऊ नोटीस दुसऱ्या कोणत्या कामाची दिली आहे? तरी बदली शिक्षक मिळत नाही. मग पालक चिडतात ते रजेवर गेलेल्या बाईवर, सहकारी चिडतात तेही बाईवर, आणि ज्याने जागा भरायची तो कार्यालयात निवांत. केंद्रनिहाय दोन-तीन राखीव शिक्षक ठेवले तर हा प्रश्न अर्धा सुटेल. डी.एड., बी.एड. झालेली पोरे कमी आहेत का? शिक्षक संघटनांनी जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढले, काढायलाच हवेत. पण प्रसूती रजेच्या जागी बदली शिक्षक, ही मागणी मी बत्तीस वर्षांत कुठल्या मोर्चाच्या फलकावर वाचली नाही. मीही कधी लिहिली नाही, हे सांगायला हवे. संघटनांच्या व्यासपीठावर आम्ही पुरुषच बसलेलो होतो.

न्यायालये मात्र पुढे गेली आहेत. दिल्लीच्या रोजंदारीवरल्या स्त्रियांना प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले. कंत्राट संपले म्हणून प्रसूती लाभ संपत नाही, हे २०२३ साली कविता यादव ह्या डॉक्टरांच्या प्रकरणात सांगितले. म्हणजे आमच्या बाईंच्या अकरा महिन्यांच्या ऑर्डरीचे कवच तितकेसे भक्कम राहिलेले नाही. आणि मे २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या उमादेवी ह्या सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्काचा भाग मानला. पुन्हा एक शिक्षिकाच! पण निकाल दिल्लीत लागतो आणि कोरा कागद मावळात सरकवला जातो, ह्या दोहोंतले अंतर लोकलने कापता येत नाही.

बापाचे काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. आपल्याकडे पहिले शिक्षक जोडपे जोतीराव आणि सावित्रीमाई. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. पण १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशा पाट्या लावल्या. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला. ते बाळंतपणाचे घर एकट्या सावित्रीमाईंचे काम नव्हते, दोघांचे होते. "बाळंतपण हे बायकांचे काम" म्हणणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या भाषणात हेही सांगावे. आमचे सर निदान दगडी लाडू तरी करतात!

आणि ह्या जोडप्याचेही खालच्या पायरीवर कुणीतरी आहेच. सरांच्या शाळेतल्या मुलांच्या आया विटभट्टीवर जातात. त्यांना कसली रजा आणि कसला राजीनामा? २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात, तेही आधार, बँक खाते, कागद जुळले तर. सहा महिन्यांच्या मजुरीपुढे ते किती, हा हिशेब चौथीतला मुलगाही करील.

काल संध्याकाळी वर गेलो तर दोघे जमिनीवर बसून कागदावर नावे लिहीत होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आहे. त्यांनी चार-पाच नावे त्या क्रमाने लिहून पाहिली होती. सर मोठ्याने वाचत होते आणि आपले नाव तिसरे आल्याबद्दल खोटे खोटे कुरकुरत होते.

बाजूला दुसरा कागद होता. दोन प्रतींत, बाईंच्या स्वच्छ हस्ताक्षरात. राजीनामा नव्हे, प्रसूती रजेचा अर्ज. सोबत डॉक्टरांचा दाखला. सरांनी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, त्यावरून थोडे भांडणही झाले. आज सकाळी मी बाईंसोबत पोस्टात गेलो. जुने रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून पोचपावतीसह स्पीड पोस्ट केले. पावती बाईंनी दवाखान्याच्या फायलीत, सोनोग्राफीच्या कागदाशेजारी लावून ठेवली आहे. संस्थेचे उत्तर अजून यायचे आहे.