तोंड उघडेनासे झाले, तर

गेल्या पावसाळ्यात अंबड तालुक्यातील सत्तरीचे एक गृहस्थ सुनेसह दवाखान्यात आले. चार दिवसांपासून तोंड उघडत नव्हते. "जबड्याचा सांधा आखडला असेल, म्हणून शेकत होतो," असे सूनबाई म्हणाल्या. त्याआधी दाढ ठणकत होती. ती आपोआप थांबल्याने सारे निश्चिंत होते. तपासले तेव्हा अंगात ताप, हनुवटीखाली कठीण सूज आणि रक्तातील साखर तीनशेच्या पुढे. दाढेतील जंतुसंसर्ग गळ्याकडे उतरत होता. त्याच दुपारी त्यांना छत्रपती संभाजीनगरला पाठविले. शस्त्रक्रियेने पू काढावा लागला, ते वाचले.

दाढेची कळ थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. आतील नस मेली की वेदना शमते, जंतू मात्र हाडाकडे सरकत राहतात. मधुमेहात हा धोका अधिक. 2021 मध्ये कोरोनानंतर आलेल्या म्युकरमायकोसिसचीही पहिली खूण काही रुग्णांत वरच्या दाढांचे दुखणे किंवा दात हलणे हीच होती.

मग भेद कसा ओळखावा? सांध्याच्या विकारात कानापुढे दुखते, चावताना कटकट आवाज येतो, दुखणे दीर्घकाळ कमी-अधिक होते. ताप सहसा नसतो. संसर्गात काही दिवसांतच तोंड मिटत जाते आणि सूज, ताप, दुर्गंधी सोबत येतात. गुटखा-सुपारीमुळे तोंड हळूहळू, वर्षानुवर्षे आवळते. चालताना जबडा दुखून विसाव्याने थांबत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करावी.

घरी एक साधी परीक्षा करता येते. स्वतःची मधली तीन बोटे जोडून, उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का, ते पाहावे. पूर्वी बसत होती आणि आता बसत नसतील, तर दंतवैद्यांना दाखवून आवश्यक तो एक्स-रे काढावा. गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, जीभ वर उचलली जाणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसल्यास शेक आणि गोळ्यांत रात्र घालवू नये. तत्काळ 108 ला दूरध्वनी करावा.

घरातील वडीलधारे अचानक भाकरी सोडून दूधभातावर आले, तर वयामुळे भूक मंदावली असे समजू नये. टॉर्च घेऊन आधी तोंडात पाहावे.