‘यांच्या रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना



26 जून जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत व्यसनविरोधी दिनाची तयारी सुरू होते. रॅली, शपथ, पथनाट्य, फोटो. पोरं-पोरी मनापासून राबतात. पण कार्यक्रम संपला की चहाच्या कपाबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “वस्तीतल्या पोरांना काय सांगायचं, त्यांच्या रक्तातच आहे.” आता तर या जुन्या वाक्याला ‘जीन्स’ची फोडणी मिळाली आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये तामलवाडी पोलिसांनी एमडी पकडलं आणि तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण राज्यभर गाजलं. आरोपींत काही पुजाऱ्यांचीही नावं आली. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पण तेव्हा “पुजाऱ्यांच्या रक्तातच आहे” असं कुणी म्हणालं का? नाही, आणि म्हणूही नये. मग हा रक्ताचा सिद्धांत फक्त आपल्याच वस्तीला का लागू होतो?

विज्ञान काय सांगतं? एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते मेंदूत डोपामाइन आणि सेरोटोनिनचा पूर आणतं. पेशींवरचे रिसेप्टर ही रसायनं झेलतात. हे रिसेप्टर घडवणारे जीन्स माणसागणिक थोडे वेगळे असतात, म्हणून व्यसनाचा धोका कुणाला कमी, कुणाला जास्त. हा फरक प्रत्येक जातीत, प्रत्येक घरात आढळतो. 1990 मध्ये डोपामाइनच्या एका रिसेप्टरशी जोडलेला बदल सापडला आणि ‘दारूचं जीन’ सापडल्याचा गाजावाजा झाला. 2004 मध्ये कळलं की तो बदल मुळात शेजारच्या दुसऱ्याच जीनमध्ये आहे! व्यसनात एक नव्हे, अनेक जीन्सचा थोडाथोडा वाटा असतो.

व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी घरी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या बहुतेकांचं व्यसन सुटलेलं आढळलं. जीन्स तेच होते, बदलला तो परिसर. दुष्काळ, ऊसतोडीचं स्थलांतर, अर्धवट सुटलेलं शिक्षण आणि हाताला काम नाही, हा आपल्या पोरांचा परिसर आहे. त्यावर बोलायचं नसतं, तेव्हा रक्तावर बोललं जातं.

ही चाल आपल्याला नवी नाही. पूर्वी नाकाच्या मापावरून वंश ठरवत. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी तीच मापं हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत हे दाखवून दिलं. 1956 ला दीक्षाभूमीवर त्यांनी लाखोंना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. सगळं रक्तात ठरलेलं असतं, तर प्रतिज्ञेला अर्थ काय उरला असता?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, येत्या कार्यक्रमात घोषणांसोबत हेही सांगा. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. संविधानाचं कलम 47 नशाबंदीचे प्रयत्न करण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. तालुक्याला उपचार केंद्र का नाही, हा प्रश्न निवेदन देऊन विचारा. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी थांबून व्यसनात अडकलेल्या भावाला जवळ बसवा. त्याला हाकलून शील पाळलं जात नाही.

आणि पुन्हा कुणी “रक्तातच आहे” म्हणालं, तर गप्प बसू नका. तिथेच, त्याच्या तोंडावर उत्तर द्या.

जय भीम! जय संविधान!