सूर ज्याच्या त्याच्या ओळखीचे

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना शांत वाटावे म्हणून अनेक घरांत बासरी किंवा संतूर लावले जाते. हेतू चांगलाच, पण ते सूर त्यांच्या ओळखीचे असतात का?

संगीताची आवड बरीचशी संगोपनातून घडते. पाश्चात्त्य संगीत फारसे न ऐकलेल्या बोलिव्हियातील त्सिमाने समाजाला सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटले, असे २०१६ च्या संशोधनात आढळले. आपल्या भंडारा जिल्ह्यातही कुणाच्या कानांवर लहानपणी दंडार पडली, कुणाच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने, कुणाच्या भीमगीते, तर कुणाच्या जात्यावरच्या ओव्या वा गोंडी गाणी. साधारण १० ते ३० वर्षे वयातील आठवणी उतारवयातही ठळक राहतात. नावे विसरलेली व्यक्तीसुद्धा त्या काळचे गाणे पुष्कळदा ओळखते.

म्हणून आधी त्यांच्या भावंडांना, जुन्या सोबत्यांना विचारावे. टीव्ही बंद करून, श्रवणयंत्र असल्यास ते लावून, मध्यम आवाजात एकेक गाणे ऐकवावे. चेहऱ्याकडे लक्ष असू द्यावे. अस्वस्थता दिसताच थांबावे. याने आजार बरा होत नाही, औषधेही चालूच ठेवावीत. परंतु शब्द हरवत चाललेल्या माणसापर्यंत पोहोचण्याची एक वाट मोकळी राहते.