लेन्स आधी, बॉडी नंतर



दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून खरेदीच्या याद्या निघू लागतात. अलीकडे तरुण पिढीकडून त्या यादीत एक नोंद हमखास येते : फुल-फ्रेम कॅमेरा. घरात आधीचा कॅमेरा असतो, तो उत्तम चालत असतो. वडील विचारतात, ‘यात काय उणे आहे?’ मुले सांगतात, ‘पुढेमागे फुल-फ्रेम घ्यायचाच आहे, तर निदान लेन्स आजपासून त्याच्या घेऊ, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.’ वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि मुलांचे उत्तरही निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे कोणते, ते या वेळी पाहू.

प्रथम शब्दाचा अर्थ. चित्रपटासाठी तयार झालेल्या 35 मिलिमीटर रुंद फिल्मवर ऑस्कर बर्नाक यांनी छोट्या कॅमेऱ्याची कल्पना बेतली आणि 1925 मध्ये ‘लायका’ बाजारात आला. त्याची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची होती. तेच माप आज डिजिटल सेन्सरला मिळाले की त्याला फुल-फ्रेम म्हणतात. (त्या फिल्मचा थर प्राणिजन्य जिलेटिनचा असे, डिजिटल सेन्सरने आपल्याला त्यातून सोडवले, ही जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट.) घरोघरी असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर याहून लहान, साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा असतो. त्याला एपीएस-सी किंवा बोलीत ‘क्रॉप’ म्हणतात.

लेन्स आपल्या मागे प्रकाशाचे एक वर्तुळ पाडते. क्रॉप कॅमेऱ्यासाठी केलेल्या लेन्सचे वर्तुळ लहान असते. ते मोठ्या सेन्सरचे कोपरे झाकत नाही. उलट फुल-फ्रेमची लेन्स लहान सेन्सरवर खुशाल चालते, मात्र वर्तुळाचा मधलाच भाग वापरला जातो आणि दृश्य आवळलेले दिसते. निकॉन, सोनी यांच्या बाबतीत हा आवळा दीडपट, तर कॅननच्या बाबतीत 1.6 पट धरतात. म्हणजे 50 मिलिमीटरची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर 75 किंवा 80 मिलिमीटरसारखे दृश्य देते.

कोणती लेन्स कोणत्या गटातली, हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. निकॉनची ‘डीएक्स’, कॅननची ‘ईएफ-एस’ व ‘आरएफ-एस’, सिग्माची ‘डीसी’, टॅमरॉनची ‘डीआय टू’ या क्रॉपच्या. कॅननची ‘ईएफ’ व ‘आरएफ’, सोनीची ‘एफई’, सिग्माची ‘डीजी’, टॅमरॉनची ‘डीआय’ या फुल-फ्रेमच्या. निकॉनची डीएक्स लेन्स फुल-फ्रेम बॉडीवर बसते आणि कॅमेरा मधला भाग तेवढा घेतो. 24 मेगापिक्सेलचे चित्र मग सुमारे 10 मेगापिक्सेलचे उरते. कॅननची ईएफ-एस मात्र जुन्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. फुजीफिल्मच्या एक्स मालिकेत फुल-फ्रेम बॉडीच नाही, त्यामुळे तो कॅमेरा असलेल्या घरात हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. 2018 मध्ये निकॉनने ‘झेड’ आणि कॅननने ‘आरएफ’ ही नवी मिररलेस बैठक आणली आणि दोन्ही कंपन्यांचे नवे काम तिकडे वळले. जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरने नव्या बॉडीवर चालतात. कॅननच्या ईएफ लेन्सचा ऑटोफोकस त्यात उत्तम टिकतो. निकॉनच्या ‘एएफ-एस’ लेन्सचाही टिकतो, परंतु जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सना निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरवर हाताने फोकस करावा लागतो. म्हणून ‘फुल-फ्रेमची लेन्स आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ‘पुढच्या बॉडीवर ती कशी चालेल’ हे विचारूनच पैसे मोजावेत.

आता मुख्य हिशेब. घरात वर्षीतपाचे पारणे आहे. आजीने तेरा महिन्यांची तपश्चर्या केली आहे. इक्षुरसाचा पहिला घोट आणि तिचा चेहरा हा क्षण पुन्हा येणार नाही. खोलीत उजेड बेताचा आहे आणि फ्लॅशचा झोत टाकणे शोभणारे नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स लांबच्या टोकाला एफ/5.6 पर्यंतच उघडते. तिच्या जागी एफ/1.8 ची लेन्स लावली तर नऊ ते दहापट प्रकाश आत येतो. जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता आणि हात हलताच चेहरा पुसट होत होता, तिथे एकशेपंचविसावा भाग पुरतो. याउलट लेन्सचे छिद्र तेवढेच ठेवून फक्त बॉडी फुल-फ्रेम केली, तर सेन्सरच्या क्षेत्रफळामुळे होणारा लाभ सव्वादोन ते अडीचपट आहे. एफ/1.8 ची साधी 50 मिलिमीटर लेन्स कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त गणली जाते. फुल-फ्रेम बॉडीची किंमत तिच्या कितीतरी पट. व्यापारी घराला याहून अधिक सांगायला नको. एक पथ्य मात्र पाळावे : छिद्र इतके मोठे असताना फोकसची खोली अगदी कमी असते, म्हणून मागेपुढे बसलेली दोन माणसे एकत्र टिपताना ते एफ/4 च्या आसपास आणावे.

तर मग सगळ्याच लेन्स फुल-फ्रेमच्या घ्याव्यात का? येथेच ते उरलेले निम्मे आहे. 50, 85 किंवा 70-300 अशा मध्यम व लांब लेन्सच्या बाबतीत होय; क्रॉपवर त्या आज उपयोगी आणि पुढेही उपयोगी. पण रुंद दृश्याच्या लेन्सला हा नियम लागू नाही. फुल-फ्रेमची सुप्रसिद्ध 24-70 क्रॉप कॅमेऱ्यावर 36-105 सारखी होते. छोट्या दिवाणखान्यात वीस माणसांचा कुटुंबमेळा त्यात मावत नाही. मांगी-तुंगीच्या 108 फुटी ऋषभदेवांच्या मूर्तीसमोर मागे सरकायला जागा उरली नाही की हीच अडचण येते. उद्याच्या बॉडीसाठी वजनदार आणि महाग लेन्स घेऊन आजची चित्रे अपुरी ठेवायची, हे धोरण नव्हे. रुंद कोनासाठी क्रॉपचीच 10-20 किंवा तत्सम लेन्स, शक्यतो वापरलेली घ्यावी आणि बॉडी बदलेल तेव्हा विकून टाकावी.

आपल्या रसायनीच्या परिसराकडे पाहिले तर प्रत्येकाची गरज निराळी आढळते. ज्याला कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्षी टिपायचे आहेत, त्याच्यासाठी क्रॉप सेन्सर वरदान आहे. 300 मिलिमीटरची लेन्स तिथे 450 सारखी पोहोचते. त्याच लेन्ससह फुल-फ्रेमवर गेल्यास पक्षी चौकटीत लहान होतो आणि तेवढाच मोठा हवा असेल तर 500-600 मिलिमीटरची भारी लेन्स घेणे आले. अशा छांदिष्टाने बॉडी न बदलणेच शहाणपणाचे. मोहोपाड्याच्या बाजारपेठेत दुकान असून ज्याला दागिन्यांची वा कापडाची छायाचित्रे ऑनलाइन विक्रीसाठी काढायची आहेत, त्याला हवा तिवई, दोन दिवे आणि एक मॅक्रो लेन्स; एफ/11 वर तिवईवरून काढलेल्या चित्रात मोठ्या सेन्सरचा फरक मोबाइलच्या पडद्यावर ग्राहकाला दिसणारही नाही. पावसाळ्यानंतर माणिकगड, इर्शाळगड, प्रबळगडाची रांग टिपणाऱ्याला रुंद लेन्स हवी. आणि जो मंदिरांतील, घरांतील मंद उजेडात वारंवार काम करतो, मोठ्या छपाईसाठी चित्रे देतो, त्याची फुल-फ्रेमची मागणी खरोखर रास्त आहे. अर्थात जेथे छायाचित्रणास मनाई आहे, तेथे कॅमेरा पिशवीतच शोभतो.

खरेदीपूर्वी एक सोपी कसोटी करावी. गेल्या वर्षभरातील आवडलेली शंभर छायाचित्रे संगणकावर उघडून प्रत्येक चित्र किती मिलिमीटरवर काढले ते पाहावे; फाइलमध्येच ती नोंद असते. आपली खरी गरज त्यातून कळते. महागडी लेन्स घेण्याआधी ती दोन दिवस भाड्याने आणून वापरावी. मुंबईत अशी सोय आहे. खरेदीसाठी फोर्टमधील बोराबाजार आपल्याला जवळचा. तेथे वापरलेली लेन्स घेताना काचेतून टॉर्चचा उजेड आरपार टाकून आत जाळ्यासारखी बुरशी नाही ना, झूम व फोकसची कडी अडकत नाहीत ना, हे पाहावे. नव्या वस्तूचे पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी असावी. धंद्यासाठी खरेदी असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्यावा आणि कर-सवलतीबद्दल आपल्या सल्लागारास विचारावे.

बुरशीचा विषय आपल्या रायगडात अधिक गंभीर. चार महिने हवा ओली असते आणि बंद कपाटातली लेन्स तिला बळी पडते. चामड्याची पिशवी आपण तशीही वापरत नाही; ओल धरून ठेवण्यात ती अग्रेसर असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता 40 ते 50 टक्के राखावी, जेल गुलाबी वा हिरवट झाले की वाळवून घ्यावे आणि लेन्स अधूनमधून बाहेर काढून वापरावी. बुरशी आल्यावर ती नष्ट करीत बसण्यापेक्षा ती उपजूच न देणे, ही यतना आपल्या आचाराशीही सुसंगत आहे.

शेवटी जमाखर्च. कॅमेऱ्याची बॉडी दर काही वर्षांनी जुनी ठरते आणि तिचा घसारा मोठा असतो. चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षे काम देते आणि विकतानाही बरी किंमत आणते. म्हणून भांडवल लेन्समध्ये असावे. पण भांडवल म्हणून साठा वाढवीत जाणे हाही परिग्रहच. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत या छंदालाही लावता येते : घरातील लेन्सची संख्या आधी ठरवावी, समजा तीन, चौथी आणायची असेल, तर आधीच्या तिघींतील एक निघाली पाहिजे. अशा घरातील मुलाने वा मुलीने दोन वर्षे तीन लेन्सवर मन लावून काम केले आणि तरीही अमुक एक चित्र या सेन्सरवर निघत नाही असे पुराव्यानिशी दाखवले, तर वडिलांनी फुल-फ्रेमला खुशाल संमती द्यावी. तोवर पारण्याच्या दिवशी हाती एफ/1.8 ची लेन्स असली की पुरे.

जय जिनेंद्र.